बाईंचे जास्तीचे चौदा मीटर

शाळेत भौतिकशास्त्रात तीनदा गटांगळ्या खाल्लेला माणूस पुढे गाडी शिकवणारा मास्तर झाला, आणि एके दिवशी त्याच्याकडे शिकायला आल्या कोण, तर त्याला नापास करणाऱ्या बाईच! निवृत्त झाल्या होत्या, पण आवाज तसाच खणखणीत. मास्तर गाडीत बसल्याजागी उभा राहिला आणि त्याचं डोकं टपावर आपटलं.

बाईंनी किल्लीआधी आलेखाची वही काढली. आडवी रेघ वेळेची, उभी वेगाची.

"ताशी छत्तीस किलोमीटर म्हणजे सेकंदाला दहा मीटर. तू 'ब्रेक' म्हटल्यापासून माझा पाय पडेपर्यंत एक सेकंद. वेग तोच, म्हणून हा चौकोन. दहा मीटर. मग दोन सेकंदांत वेग शून्यावर. हा त्रिकोण, तोही दहा. आलेखाखालचं क्षेत्रफळ म्हणजे अंतर. वीस मीटरला गाडी उभी. कळलं?"

"हो, बाई." कळलं नव्हतं, पण जुनी सवय.

रिकाम्या मैदानात बाईंच्या यजमानांनी खडूची रेघ मारली. तिच्यापासून पंचवीस मीटरवर त्यांनी आपल्या जुन्या पँटमध्ये रद्दी कोंबून एक माणूस उभा केला. आलेखावर त्यांचा गाढ विश्वास होता. स्वतः मात्र ते झाडामागे गेले.

गाडी रेघेवर आली. "ब्रेक!" मास्तर किंचाळला.

पँटवाला आडवा झाला. गाडी थांबली ती चौतीस मीटरवर.

बाई पुन्हा वहीत शिरल्या. "त्रिकोण तेवढाच. मग चौदा मीटर जास्त म्हणजे चौकोन एक पूर्णांक चार सेकंदांनी लांबला. तेवढ्यात मी काय करत होते?"

मास्तर म्हणाला, "तुम्ही म्हणालात, 'अरे गाढवा, मोठ्यांशी असं ओरडून बोलतात का?'"

झाडामागून हसू फुटलं. बाईंनी तिकडे एक नजर टाकली, हसू थांबलं.

दुसऱ्या खेपेला बाईंनी ओठ घट्ट मिटले. पाय खाडकन पडला. साडेएकोणीस मीटर! गाडी पुरती थांबल्यावर मग त्यांनी मास्तरला ओरडण्याबद्दल सावकाश, मनसोक्त झापलं.

परवाना बाईंना पहिल्याच फटक्यात मिळाला. मास्तर आता प्रत्येक नव्या शिकाऊला तो चौकोन काढून दाखवतो. "आधी पाय," तो सांगतो, "भांडण मागाहून."