खोटी हाक

फेझंट पक्षी कुठे सापडतील हे आर्डिसला वाऱ्यावरून कळायचं, आणि हेच तिच्या पायातलं लोढणं झालं होतं.

उत्तरेचा वारा सुटला की ते पक्षी ट्वेट कुटुंबाच्या पडक्या घरामागच्या झाडांच्या रांगेत, दक्षिणेकडून बिलगून बसायचे. ऊन वर आलं की कापलेल्या मक्याच्या वावरात दाणे टिपायला उतरायचे. आणि एकदा का कडाक्याची थंडी पडून पाणकणसांची दलदल गोठली, की सगळी पाखरं आसऱ्याला तिथेच. हे तिला वडिलांनी शिकवलं. धाकट्या भावाला, व्हर्लिनलाही शिकवलं होतं, पण तो तेव्हा गाडीत झोपलेला असायचा.

आता व्हर्लिन शहरातल्या पाहुण्यांना शिकारीला न्यायचा, आणि पाखरं शोधून द्यायची आर्डिस. "एवढा हंगाम काढ," असं तो अकरा हंगाम म्हणत आला होता. तिला कुणी बांधून घातलं नव्हतं. दाराला कडीही नव्हती. फक्त दर ऑक्टोबरात त्याचं तिच्यावाचून अडायचं, आणि अडलेल्या माणसाला टाकून कसं जातात ते तिला कुणी शिकवलं नव्हतं.

सू फॉल्स शहरात तिची मैत्रीण लाव्होन बेकरी चालवायची. वरची खोली तिनं आर्डिससाठी रविवारपर्यंत अडवून ठेवली होती. सोमवारी दुसरी भाडेकरू येणार होती. छप्पन्न वर्षांची झालीस, पाव खायला दात आहेत तोवर ये, असं ती फोनवर म्हणाली होती.

शुक्रवारी सकाळी खिडकीच्या काचा आतून गोठल्या होत्या. आर्डिसनं भावाला सांगून टाकलं, की रविवारी मी जातेय, परत यायला नाही. व्हर्लिननं तिच्या कपात कॉफी ओतली. हंगाम जानेवारीअखेर संपतो, मग बघू, म्हणाला. मग आपल्या कमरेचं दुखणं सांगितलं. मग विचारलं, आज कुठे जायचं?

"मोठ्या दलदलीत," आर्डिस म्हणाली. बोलून गेल्यावर तिला कळलं, की आपला विषय संपलासुद्धा.

दहा वाजता व्हर्लिन दोन पाहुण्यांना घेऊन दलदलीच्या पश्चिम टोकाला उभा राहिला. खांद्याला बंदूक लावून आर्डिस आणि तिची टिली कुत्री पूर्वेकडून पाखरं हाकत निघाली. टोकावरच्यांच्या डोळ्यांत ऊन. त्यांना उडणारं पाखरू नुसतं काळं दिसतं. मारायचा तो नर, मादीला हात लावायचा नाही, असा कायदा. म्हणून हाकणाऱ्यानं 'नर' किंवा 'मादी' असं ओरडायचं, आणि त्या शब्दावर बंदुका वर जायच्या नाहीतर खाली यायच्या. त्या भागात माणूस दारूडा असला तरी चालायचं, दोनदा घटस्फोट झालेला असला तरी चालायचं. पण ज्यानं जाणूनबुजून खोटी हाक दिली, त्याला पुन्हा कुणी शिकारीच्या रांगेत घेत नसे. आर्डिसची हाक अकरा वर्षांत एकदाही चुकली नव्हती.

पाणकणसं डोक्याच्या वर गेली होती. त्यांचा कापूस नाकातोंडात जात होता. पुढचं दिसेना, मागचं दिसेना. अर्ध्यात आल्यावर ती थांबली. वडिलांची युक्ती होती ती: चालत राहिलात तर पाखरू दबून बसतं, तुम्हाला जाऊ देतं. थांबलात की त्याचा धीर सुटतो.

नर तिच्या बुटापासून हातभर अंतरावर होता. लालबुंद तोंड, गळ्यात पांढरी कडी. मागे कुत्री, पुढे बंदुका. त्यानं तिच्याकडे पाहिलं, आणि कर्कश ओरडत तो सरळ वर उठला.

"मादी!" आर्डिस ओरडली.

बंदुका खाली आल्या. व्हर्लिनचीही आली, सवयीनं. पाखरू त्यांच्या डोक्यांवरून पार निघून गेलं, आणि मग व्हर्लिनची मान वळली.

लंगडत तो पाणकणसं बाजूला सारत तिच्यापर्यंत आला. पाहुणे मागोमाग येऊन थांबले.

"आर्डिस, मादी कधी असं ओरडते का गं?"

"नाही."

"शेपूट हातभर होतं."

"दिसलं मला."

एक पाहुणा खाकरला. संध्याकाळपर्यंत हे गावातल्या कॅफेत पोचणार, हे दोघा बहीणभावांना ठाऊक होतं. व्हर्लिननं आवाज खाली आणला. "राग होता तर मला शिव्या द्यायच्यास. हाक कशाला नासवलीस?"

"शिव्या दिल्या असत्या तर तू कॉफी ओतली असतीस."

त्याला हसू येता येता राहिलं. बराच वेळ तो हातमोज्यावरचा कापूस झटकत होता. पाठ वळवून निघाला, दोन पावलं गेला, थांबला.

"उद्या उत्तरेचा वारा सुटणार म्हणतात," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "उद्या कुठे?"

उत्तर तिच्या जिभेवर आलंच होतं. ट्वेटांची झाडं, दक्षिणेकडून. तिनं तोंड उघडलंसुद्धा. टिली वर बघत उभी होती. दोन्हीकडे पाणकणसं तेवढीच उंच होती, आणि अर्धी दलदल अजून चालायची बाकी होती.

आर्डिसनं बंदुकीतली काडतुसं काढून खिशात टाकली.

"वारा बघ," ती म्हणाली, आणि त्यांच्याकडे पाठ करून चालू लागली.