नाहीतर साधा ताप

प्रोजेक्टचा विषय शनिवारपर्यंत द्यायचा होता. घाटकोपरच्या पंतनगरात राहणारी सुलक्षणा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती आणि तिला कृत्रिम बुद्धिमत्तेवर काहीतरी करायचं होतं. १९८८ साली हे शब्द नुसते उच्चारले तरी वर्गातली मुलं हसत. तिची जोडीदार मीरा म्हणाली, "बुद्धिबळ घेऊ या ना." सर म्हणाले, "बुद्धिबळ दरवर्षी कोणीतरी घेतं आणि दरवर्षी घोडा अडकतो." शेवटी ताप ओळखणारा प्रोग्राम करायचा असं ठरलं. डॉक्टर विचारतात तसे प्रश्न कॉम्प्युटरने विचारायचे आणि हो-नाही अशा उत्तरांवरून आजाराचं नाव सांगायचं.

आराखड्यासोबत छोटा नमुना दाखवायचा होता, म्हणून सुरुवातीला थोडेच आजार घेतले. थंडी वाजून येत असेल तर मलेरिया. ताप बरेच दिवस चढत राहिला असेल तर टायफॉइड. आणि सरांसमोर प्रोग्राम मध्येच बंद पडू नये म्हणून सुलक्षणाने शेवटी एक ओळ घातली: नाहीतर साधा ताप.

त्याच आठवड्यात तिच्या आईला, रत्नप्रभाला, ताप आला. सुलक्षणाला आयतंच उदाहरण मिळालं. तिने आईला सगळे प्रश्न विचारले, लॅबमध्ये आपली पाळी आल्यावर उत्तरं भरली आणि संध्याकाळी खुशीत घरी आली.

"काय गे, तुझो कॉम्प्युटर काय बोललो?" वडिलांनी दारातच विचारलं. काशीराम गिरणीत होते. संपानंतर गिरणी उघडलीच नाही, तेव्हापासून विक्रोळीच्या एका गोदामावर वॉचमन म्हणून जात होते.

"साधा ताप," ती हसत म्हणाली.

काशीराम हसले नाहीत. त्यांनी डोळे मिटून हात जोडले. ते देव्हाऱ्यातल्या देवाला जोडले असतील, असं तिला वाटलं.

दोन दिवसांनी ती कॉलेजातून आली तेव्हा आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. हाक मारली तरी वळेना. खांदा धरून वळवलं, तर आईने तिच्याकडे अनोळखी बाईकडे बघावं तसं बघितलं आणि विचारलं, "माझी सुली खंय आसा?" तिच्या डोळ्यांतलं पांढरं हळदीसारखं पिवळं झालं होतं.

सुलक्षणा वडिलांकडे वळली. "बाबा, डॉक्टरांकडे नेलं नाहीत?"

"कित्याक?" काशीराम शांतपणे मोसंबं सोलत होते. "साधो ताप म्हणान कौल पडलो मां."

तिला आधी कळेचना. मग कळलं. गावी त्यांच्या घरात लग्न असो, विहीर असो, की आजारपण, देवळात जाऊन कौल लावल्याशिवाय काही ठरत नसे. गुरव देवाच्या अंगावर भिजवलेल्या कळ्या चिकटवी. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. तिच्या मशीनचं होय-नाही ऐकून वडिलांना तेच आठवलं होतं.

"बाबा, तो देव नाही. मी लिहिलंय ते. माझं चुकलंय. उठा, आईला हॉस्पिटलात न्यायचंय."

"एकदा कौल दिल्यार दुसरीकडे विचारूचा नसता. बाधता." ते अंथरुणाकडे बघत नव्हते. तेही घाबरलेले होते, हे तिला तेव्हा दिसलं. बायकोचे डोळे त्यांनीही पाहिले होते. फक्त त्या भीतीपेक्षा त्यांना कौल मोडायची भीती जास्त वाटत होती.

आई काहीतरी पुटपुटली. रडून वेळ जाईल, भांडून त्याहून जास्त जाईल. सुलक्षणा वडिलांसमोर जमिनीवर बसली.

"कधी कधी कळी पडतच नाही ना?"

"तसा होता. मगे देव बोलाक नाय म्हणायचा आणि गप घरी जावचा."

"माझ्या प्रोग्रामला गप्प बसता येत नाही, बाबा. तुम्ही बघाच. मी कॉम्प्युटर. तुम्ही फक्त हो-नाही सांगा. थंडी वाजते?"

"सुली, ही काय मस्करी—"

"सांगा!"

"नाय."

"बरेच दिवस ताप चढतोय?"

"नाय गो. माका खंय ताप आसा?"

"साधा ताप."

काशीरामांनी स्वतःकडे बोट दाखवलं. "माका?"

"तुम्हाला. मला. त्या दाराला विचारलं तर त्यालापण. काही कळलं नाही की तो हेच सांगतो. मीच शिकवलंय त्याला तसं."

मोसंब्याची फोड त्यांच्या हातातून खाली पडली. दुसऱ्या क्षणी ते अनवाणीच जिना उतरत होते, आणि खालून "रिक्षा! ए रिक्षा!" असा त्यांचा फाटका आवाज येत होता.

रिक्षात आईचं डोकं सुलक्षणाच्या मांडीवर होतं. आई श्वास घेते आहे ना, म्हणून ती पुन्हा पुन्हा तिच्या नाकाशी बोट धरत होती. सिग्नलला काशीरामांनी हळूच विचारलं, "तुझ्या कॉम्प्युटराक राग येवचो नाय मां?"

 तिने नुसती नकारार्थी मान हलवली.

डॉक्टरांनी लघवीचा रंग विचारला. हा प्रश्न तिच्या आराखड्यात कुठेच नव्हता. "कावीळ आहे. लिव्हरवर आलीय, म्हणून भ्रम होतोय," ते म्हणाले. सुलक्षणाच्या "वाचेल ना?" या प्रश्नावर म्हणाले, "आत्ता सांगता येणार नाही." हे वाक्य तिच्या प्रोग्रामला येत नव्हतं.

शनिवारी मीरा हॉस्पिटलात आली. आईने अजून कुणाला ओळखलं नव्हतं. मीरा बाकावर बसली आणि संकोचत म्हणाली, "सुलू, आज विषय द्यायचाय गं. तापच लिहू का? सरांना आवडलाय."

"कॉलेजचं टाइमटेबल लिही. कुठला तास कुठल्या वर्गात, ते कॉम्प्युटरने ठरवायचं."

"शी यार, किती बोअर!"

"चुकलं तर पोरं शिव्या देतील. आणखी काही होणार नाही. आणि जमलं नाही तर जमलं नाही असं त्याने सांगायचं. ते आधी लिहू."

तेवढ्यात वॉर्डाचं दार उघडून नर्स बाहेर आली. "रत्नप्रभाबाईंचं कोण आहे?"

काशीराम उठले.  मीराने सुलक्षणाचा हात घट्ट धरला.

"सुली कोण? तिला बोलावतायत," नर्स म्हणाली. "चहा मागतायत. देऊ नका हं, पाणी द्या."