कुंकवाची टिकली

मी एक जुना पटर आहे. गोल्फमध्ये चेंडू हिरवळीवरून अलगद भोकात ढकलणारी काठी म्हणजे मी. माझे मालक ओमप्रकाशजी. त्यांचा कारखाना कळमेश्वरला आणि घर नागपुरात, रामदासपेठेत. त्यांनी मला मोठ्या हौसेने आणले. पण मित्रांनो, चार हातांवरचा चेंडूही त्यांच्याकडून भोकात जात नसे. शिव्या मात्र मलाच. नाचता येईना, अंगण वाकडे.

त्यांची काठ्यांची पिशवी गोल्फ क्लबातले चंपतराव वाहत. तीस वर्षे दुसऱ्यांच्या पिशव्या वाहून त्यांचे गुडघे झिजले होते. खेळ मात्र त्यांना मालकांपेक्षा जास्त कळत होता.

एका दसऱ्याला मालकीणबाई शोभाताईंनी गाडी, शिलाई मशीन यांच्याबरोबर माझीही पूजा केली. माझ्या तोंडावर, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या बाजूवर, मधोमध कुंकवाची ओली टिकली लावली. ती न पुसताच मालक दुसऱ्या दिवशी खेळायला गेले. नऊ चेंडू मारले, नऊही चुकले. चंपतरावांनी मला उलटे करून पाहिले.

"साहेब, टिकली तर जशीच्या तशी आहे. बॉल तुमचा टोकाले लागून राहिला."

"काहून गा?"

"बॉल जायच्या आधीच मान उचलता तुम्ही. मान खालीच ठेवा. बॉल पडल्याचा आवाज कानानं ऐका."

त्या दिवसापासून रोज सकाळी चंपतराव खिशातल्या पुडीतले कुंकू मला लावत. चेंडूवर लाल डाग उमटला तरच तो फटका खरा. महिन्याभरात चेंडूमागून चेंडू लाल होऊ लागले. माझ्या आयुष्यातले तेवढेच दिवस सुखाचे होते.

क्लबला शिकवायला माणूस हवा होता. एका सकाळी चंपतराव चाचरत म्हणाले, "साहेब, आता पिशवी उचलणं होत नाही. कमिटीले माझं नाव सांगान का?"

"सांगतो ना गा. कप तर येऊ दे."

जानेवारीत मालकांनी क्लबच्या स्पर्धेचा कप जिंकला. बक्षीस घेताना सगळी कमिटी समोर बसली होती. मालक माईकवर म्हणाले, "सारं मोबाइलवर पाहून शिकलो. बाकी मेहनत आपलीच."

चंपतराव मला धरून भिंतीशी उभे होते. त्यांनी दुपट्ट्याने माझे तोंड पुसले, कुंकवाचा कणही ठेवला नाही, आणि मला पिशवीत ठेवले. शिकवायची ती जागा बाहेरच्या माणसाला मिळाली. चंपतराव पुन्हा आले नाहीत. गरज सरो, वैद्य मरो.

मालकांची मान पुन्हा वर येऊ लागली. दोष पुन्हा माझाच ठरला आणि नवा पटर आला. मी आता गच्चीवरच्या मिरच्यांवरून माकडे हाकलतो.

परवा शोभाताई मालकांना म्हणाल्या, "चंपतराव दिसले धंतोलीत. दवाखान्याच्या गेटवर दिवसभर उभे राहून ड्युटी करून राहिले. काहून घेतलं नाही हो त्यांचं नाव?"

"राहून गेलं," मालक म्हणाले आणि पेपर वाचू लागले.

मित्रांनो, मला तेल-पाणी करा असे मी सांगणार नाही. माझ्यावर गंज चढला तरी कोणाचे पोट उपाशी राहत नाही. पण ज्याने शिकवले त्याचे नाव चारचौघांत, वेळेवर घ्या. मागाहून घेतलेल्या नावाने झिजलेल्या गुडघ्यांना बसायला खुर्ची मिळत नाही.

यंदाच्या दसऱ्यालाही शोभाताईंनी मला कुंकू लावले. बरोबर मधोमध. ते अजून तसेच आहे.