दुसरी खिडकी

मी एक जुना आरसा आहे. मित्रांनो, आरशाने तोंड लपवावे ही उलटीच गोष्ट, पण माझ्यावर ती वेळ आली. मला ती नीट सांगता येईल की नाही, कोण जाणे. प्रयत्न करतो.

माझी काच कारखान्यात घडली, पाठीवर चंदेरी लेप बसला आणि सुताराने मला लाकडी चौकट दिली. तिथून मी एका शिंप्याच्या दुकानात गेलो. वीस वर्षे तिथे उभा होतो. बाही आखूड झाली, खांदा उतरला, की मी दाखवायचो आणि शिंपीदादा मुकाट्याने उसवायचे. गिऱ्हाईक हुज्जत घालू लागले तर ते माझ्याकडे बोट दाखवत. "मी एक वेळ थाप मारीन, हा मारणार नाही." ते ऐकून माझी छाती फुगायची.

दादांची नजर अधू झाली, दुकान बंद पडले आणि घरे भाड्याने लावून देणाऱ्या एका एजंटाने मला नेले. त्याच्याकडच्या एका घरात बसायच्या खोलीला एकच खिडकी होती. त्याने मला तिच्या शेजारच्या भिंतीवर टांगले, माझ्या चौकटीला खिडकीसारखाच पांढरा रंग फासला आणि दोन्ही बाजूंना पडदे सोडले. मग कोपऱ्यात उभे राहून फोटो काढला. फोटोत दोन खिडक्या दिसत होत्या. मी हूं की चूं केले नाही. आरसा काय बोलणार, अशी मी माझी समजूत घातली.

तो फोटो एका कुटुंबाने पाहिला. ते लांबचा प्रवास करून आले होते आणि साथीमुळे त्यांना चौदा दिवस हॉटेलच्या एका खोलीत वेगळे ठेवले होते. तिथली खिडकी उघडत नसे. आठ वर्षांच्या लेकीला बाबा 'साहेब' म्हणत. साहेबांची एकच मागणी होती: नव्या घरात उघडणारी खिडकी हवी, आणि ती माझी एकटीची. बाबांनी फोटो पाहून शब्द दिला. हॉटेलच्या जमिनीवर टॉवेल मांडून त्यांनी घराचा नकाशासुद्धा केला. हा टॉवेल आईची खिडकी, तो साहेबांची. मुलगी रोज आपल्या टॉवेलपाशी बसून जेवायची. हे सगळे मला नंतर त्यांच्या बोलण्यातून कळले.

सुटका झाली त्या दिवशी ते सामानासकट थेट घरी आले. भिंतींना ओल, स्वयंपाकघरातला नळ खोकत खोकत पाणी देणारा. मुलीने तिकडे पाहिलेच नाही. बूटही न काढता ती माझ्याकडे धावली. तिने पडदा सारला आणि तिला तिचेच तोंड दिसले. तरी तिने चौकटीवरून बोटे फिरवून कडी शोधली. कडी असणार कुठून?

आई बॅगेवरच बसली. "मी तुमचा फोटो बघून फसले, तुम्ही घराचा बघून फसलात. झाली फिटंफाट."

बाबा हसले नाहीत. ते माझ्यासमोर आले आणि त्यांचा उतरलेला चेहरा मला त्यांनाच दाखवावा लागला.

संध्याकाळी आजीचा व्हिडिओ कॉल आला. लेकराला खिडकी मिळाली का, हे तिने सर्वांत आधी विचारले. बाबा फोन घेऊन हळूच कोपऱ्यात सरकले. फोटो काढताना एजंट उभा होता, नेमके तिथेच.

"ही बघ आई, दोन खिडक्या," ते म्हणाले.

मी पुन्हा खोटे बोलत होतो. पुन्हा गप्प राहून.

साहेब उठले आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले. आजीला फोनवर एकदम दोन मुली दिसल्या असणार.

"आजी, तो आरसा आहे. खिडकी एकच आहे, आणि ती आईची आहे."

बाबांचा हात खाली आला. मग बाबा म्हणाले, "चुकलं, साहेब."

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझे पडदे काढले, चमच्याच्या दांड्याने चौकटीचा रंग खरवडला आणि मला दाराजवळ, मुलीच्या उंचीवर लावले. ती आता माझ्यासमोर वेणी घालते आणि मग आईच्या खिडकीत जाऊन बसते. आई सरकून जागा देते.

मित्रांनो, आरसा पुसत जा, ओलीपासून जपत जा. पण त्याआधी, त्याला कशासाठी उभे करता आहात तेही बघा. माझ्या चौकटीच्या खाचेत थोडा पांढरा रंग अजून उरला आहे. तो तेवढा राहू द्या.