पूर्ण नाव

आमच्या ॲपचं नाव 'हाक'. सांगलीतल्या एका गाळ्यात बसून आम्ही चौघांनी ते तीन वर्षं घासलं. व्हिडिओ मीटिंग, सगळं मराठीत, रेंज कमी असली तरी आवाज तुटत नाही. म्हाताऱ्या माणसांना टायपिंगची कटकट नको म्हणून आत शिरताना फक्त आपलं पूर्ण नाव बोलायचं. ही कल्पना माझी, आणि मला तिचा भारी अभिमान होता.

पण बाजारात मोठमोठी ॲप्स असताना आम्हाला कोण विचारणार? ज्याची कंपनी तो विश्वजित शेवटी वैतागून म्हणाला, अरिहंत, एक तरी मंडळ दहा दिवस टिकवून दाखव, नाहीतर गाळ्याला कुलूप. मी आईला गळ घातली. पलूसच्या आमच्या जैन बायकांचा रोज चार वाजता मोबाइलवर स्वाध्याय चालतो. एक जण ग्रंथ वाचते, पन्नासेक जणी ऐकतात. आईने सगळ्यांना 'हाक'वर यायला सांगितलं.

पहिल्या दिवशी अठरा आल्या, तिसऱ्या दिवशी सात. शेजारच्या सुंदरीकाकूंचं नाव पडद्यावर 'हळदीच्या पेठेत गुळाची ढेप' असं उमटलं. मला वाटलं, काकू चेष्टा करतात. नवव्या दिवशी कुणीच नाही. सगळ्या परत जुन्या ॲपवर, आईसुद्धा. दहाव्या दिवशी मी पलूसला गेलो. भांडायचं ठरवून निघालो होतो, पण पोचेपर्यंत तेवढंही त्राण उरलं नव्हतं.

आई शेंगा फोडत होती. तूसुद्धा सोडलंस का, विचारलं, तर तिने मान खाली घातली.

"पूर्ण नाव म्हणजे मदी मालकांचं नाव आलं की रं. ते तोंडानं कसं घ्यायचं? आठ दिवस शेजारच्या पोरीकडनं बोलवून घेतलं, रोज कुठली ती मिळायची? सुंदरीनं उखाण्यात घेऊन बघितलं, तर तुझ्या यंत्रानं नुसती पहिली ओळ धरली."

मी कपाळावर हात मारला. आमच्याकडे चाचणी घेणारे सगळे तिशीच्या आतले, बायको नवऱ्याला नावाने बोलावणारे. पण मी तर हिच्याच पोटचा. अप्पांचं नाव हिच्या तोंडून एकदाही ऐकलं नव्हतं, तरी मला सुचलं नाही. लाज वाटली. आजच बदलतो म्हटलं, तर ती म्हणाली, बदल, पण चौघी जिथं बसल्या तिथंच पाचवी जाऊन बसते. तीन वर्षांत आम्हाला जे उमगलं नाही ते तिने शेंगा फोडता फोडता सांगितलं.

चार वाजत आले. आजचा शेवटचा दिवस, हे तिला माहीत होतं. तिने हात पुसले, डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि फोन तोंडाशी धरला.

"राजमती तवनाप्पा मगदूम."

कट्ट्यावर पेपर वाचणारे अप्पा दचकले. "काय गं?"

"तुमास्नी न्हाई," ती म्हणाली. तिचे कान लाल झाले होते.

मीटिंग उघडली. आत ती एकटीच. सुंदरीकाकूंच्या फोनवरचं वाचन भिंतीपलीकडून ऐकू येत होतं. आईचे ओठ त्याबरोबर हलत होते, पण आमच्या रिकाम्या पडद्यावरून तिने नजर काढली नाही. पंधरा मिनिटं गेली.

"येतील की," ती म्हणाली.

मला ते बघवेना. मी तिच्या हातातून फोन घेतला, 'हाक' बंद केलं, आणि त्या दुसऱ्या ॲपची लिंक दाबून फोन तिला परत दिला. तिथं तिला कुणी नाव विचारलं नाही.