छपराचा परवाना

चाळीस वर्षं गवंड्यानं लोकांच्या दारांपुढे पोर्च बांधले. आणि स्वतःच्या दारापुढे? तीन पायऱ्या नि खाली माती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. बायको म्हणायची, "अहो, आपलं कधी?" हा म्हणायचा, "होईल गं." गेल्या वर्षी ती त्याच पायऱ्यांवरून घसरली, खुब्याचं हाड मोडलं आणि चाकाच्या खुर्चीत बसली ती बसलीच. अख्ख्या गल्लीची खबर ठेवणारी बाई खिडकीशी गप्प राहायला लागली. डॉक्टर म्हणाले, बाहेर माणसांत बसवा, नाहीतर आतल्या आत मिटत जाईल.

गवंड्यानं पोर्चच्या परवानगीसाठी नगरपालिकेत अर्ज केला. दोन खांब, वर कमान, कमानीवर कौलं, असा झकास आराखडा. छपराच्या कडेपासून रस्त्यापर्यंत तीन मीटर जागा मोकळी सोडायची, हा नियम. माप स्वतःच घेतलं. त्याच्या टेपचं टोक केव्हाच तुटलेलं, म्हणून तो दहाच्या आकड्यापासून माप धरायचा आणि शेवटी दहा वजा करायचा. नवा टेप घ्यावा की नाही माणसानं? छे! म्हणे हात बसलाय.

तपासणीला नगरपालिकेतली इंजिनिअर बाई आली, त्याच्या मुलीच्या वयाची. तिनं माप घेतलं, परत घेतलं.

"काका, दोन मीटर नव्वदच भरतंय."

"शक्यच नाही! टेप तपासा तुमचा."

"टेप ठीक आहे. दहा सेंटिमीटर कमी आहेत."

दहा! गवंड्याचा चेहरा पडला. वजा करायचेच राहिले होते. माप घेताना खिडकीतून बायको कित्येक महिन्यांनी आपणहून बोलली होती, "जरा ऐसपैस करा हं, चारजणी बसतील." त्या आनंदात कसले दहा नि कसलं काय!

"दहानं काय आभाळ कोसळणार आहे?" तो तडकला.

"तुम्हाला दहा सोडले की शेजारी वीस मागतील. मग रस्ता कुठे उरेल?" बाई शांतपणे म्हणाली. "आराखडा सुधारून द्या. अडीच महिन्यांत मंजुरी येईल."

अडीच महिने! त्यानं खिडकीकडे बोट केलं. "तिला बाहेर काढायचंय हो," एवढंच म्हणाला.

बाईनं खिडकीकडे पाहिलं. "काका, नियम छपराला आहे. घराच्या जोत्याइतका उघडा ओटा आणि बाजूनं उतार, याला परवानगी लागत नाही. उद्या सुरू करा."

"बिनछपराचा?" शिंप्याला बिनबाह्यांचा कोट शिवायला सांगावं तसा गवंडी दचकला. "लोक काय म्हणतील मला?"

"छप्पर नकोय मला!" खिडकीतून खणखणीत आवाज आला. "लोकच हवेत. म्हणू देत काय म्हणायचं ते, पण माझ्यासमोर येऊन म्हणू देत!"

चार दिवसांत ओटा झाला, मग आठवडाभर त्यानं त्याच्यावर पाणी मारलं. मग बायकोची खुर्ची उंबऱ्याबाहेर ढकलली. पहिल्या दिवशी ती नुसतीच रस्ता बघत बसली. दुसऱ्या दिवशी टपालवाल्याला थांबवून त्याच्या सुनेचं बाळंतपण विचारलं. पंधरा दिवसांत समोरच्या दुसऱ्या मजल्यावरची शिंपीण कठड्यावर ओणवून गप्पा हाणायला लागली आणि दोघींचं हसणं पार कोपऱ्यापर्यंत जायला लागलं.

अडीच महिन्यांनी सुधारलेल्या आराखड्याचा परवाना आला. गवंडी तो नाचवतच ओट्यावर आला. "आली मंजुरी! उद्या खांबांचे खड्डे खणतो."

बायकोचं लक्ष वर होतं. शिंपीण एका झबल्याची बाही दाखवत होती आणि ही हातानंच सांगत होती, आखूड कर.

"अहो, कौलं घातली की ही दिसेल का मला?"

गवंड्यानं मान वर केली, कौलांच्या उंचीवर हात धरला. खोटं बोलता आलं असतं. पण माप म्हणजे माप.

"नाही दिसणार."

"परवाना किती दिवस चालतो?"

"वर्षभर."

"मग ठेवून द्या. वर्षानं बघू."

वाईट वाटलं त्याला, का नाही वाटणार? कमान त्यानं मनात शंभरदा बांधली होती. पण बायको पुन्हा बाहीच्या भानगडीत गुंतली होती, आणि तिचा तो चढा आवाज ऐकून त्याला घरात जाववेना. गेला तो फक्त परवाना कपाटात ठेवून स्टूल आणण्यापुरता.

"बसतो गं जरा," तो म्हणाला.

"या या भावजी," शिंपीण वरून ओरडली, "तुमचीच कमी होती!"