सात पानांची फांदी

बागेचा एकच नियम सासूबाईंनी जावयाला शिकवला होता, तोही दवाखान्यातल्या खाटेवरून. गुलाबाच्या एका देठावर पाच पानं असली तर फांदी आपली. सात असली तर रानटी.

"सात दिसली की मला विचारत बसायचं नाही," त्या म्हणाल्या होत्या. "कापायची. आणि नुसती कापून भागत नाही, मुळासकट काढायची. रानटीवर दया केली की भाडेकरूचा मालक होतो."

जावयाला नियम एकदम पटला. तो लिफ्ट तपासायचा. दोर झिजला असेल तर बदलायचा, दाराची फट जास्त असेल तर लिफ्ट बंद ठेवायची. त्याच्या कामात 'बहुतेक' हा शब्द चालत नसे. कारणही त्याने समजून घेतलं होतं. बाजारातून आणलेला गुलाब म्हणजे एकावर एक बसवलेली दोन झाडं. खाली दणकट रानटी खुंट, वर त्याच्यावर बांधलेलं नाजूक कलम. खुंट अधूनमधून खालून स्वतःची फांदी काढतो, ती जोमाने वाढते आणि वरच्याचं अन्न खाऊन टाकते.

सासूबाई न्हाणीघरात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली आणि बाग त्याच्या गळ्यात पडली. आधी त्याने ते काम म्हणून केलं. मग सकाळचा चहा तो बाहेर उभ्यानेच घेऊ लागला. सासूबाईंनी प्रत्येक झाडाला नाव दिलं होतं. गडद लाल, ताठ, एका फांदीला एकच फूल देणारा तो फौजदार. पिवळी ती मावशी. थाटात उमलायची आणि दुसऱ्या दिवशी पाकळ्यांचा पसारा घालून मोकळी व्हायची. जवळ गेलं की मावशीला लिंबाच्या सालीसारखा वास येई. फाटकावर चढलेली, घोसाघोसाने फुलणारी ती बडबडी. रोज एक फूल तोडून तो स्टीलच्या पेल्यात घालून जेवणाच्या टेबलावर ठेवायचा. पाकळ्या गळेपर्यंत पेला हलवायचा नाही, हा सासूबाईंचाच कायदा होता.

आणि एक होती म्हातारी. तिच्याबद्दल त्या रोज विचारत.

त्याचं कारण असं. हाड जुळत आलं होतं, पण सासूबाई उठायला तयार नव्हत्या. व्यायाम करून घेणारी बाई आली की त्या भिंतीकडे तोंड करत. डॉक्टरांनी लेकीला बाजूला घेऊन सांगितलं, आता चालल्या नाहीत तर पुढे चालणार नाहीत. त्या संध्याकाळी लेक सहज बोलून गेली की म्हातारीला कळ्या धरल्यात. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी स्वतःहून वॉकर मागितला. म्हातारी वर्षातून एकदाच फुले, तेही थोडे दिवस. त्याआधी घरी पोचायचं, असं त्यांनी ठरवलं. दारापर्यंत, मग खिडकीपर्यंत, मग जिन्यापर्यंत. घराला पायऱ्या होत्या. जिना चढता आला तरच घरी सोडू, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

म्हातारी हे फाटकावरच्या बडबडीचंच दुसरं नाव, असं जावयाने गृहीत धरलं होतं. तिचंच खोड सगळ्यांत जाड होतं. त्याने कधी विचारलं नाही, आणि ज्यांना ठाऊक होतं त्यांना सांगायचं सुचलं नाही.

त्या रविवारी लेक दिवसभर दवाखान्यात होती. सासूबाई येण्याआधी बाग लख्ख करावी म्हणून जावई कात्री, करवत आणि कुदळ घेऊन उतरला. फौजदाराच्या बुंध्यातून दोन रानटी फांद्या निघाल्या होत्या. देठ हातात घेऊन त्याने पानं मोजली, सात. काढल्या. मावशीखाली एक होती, तीही काढली. मग तो पाण्याच्या टाकीमागे गेला. तिथे एक अख्खं झुडूप सात पानांचं निघालं. कलमाचा पत्ताच नव्हता. याला तर रानटीने पुरतं गिळलं, असं त्याला वाटलं. कळ्या होत्या, पण रानटीलाही येत असतील. कळ्यांवर शेवाळासारखी हिरवी लव होती, ती बोटांना चिकटत होती. त्याने झुडूप कापलं, मुळं खणली, उरलेली करवतीने तोडली आणि सगळं एका पोत्यात भरलं. हाताचा चिकटा निघेपर्यंत साबण लावला.

सोमवारी दुपारी तो कामावरून परस्पर दवाखान्यात गेला. सासूबाई जिन्यावर होत्या. एक हात कठड्यावर, दुसरा त्याने धरलेला. व्यायामवाली बाई मागे उभी राहून पायऱ्या मोजत होती.

"घरी गेलं की आधी आत नाही जायचं," सासूबाई धापा टाकत म्हणाल्या. "आधी टाकीमागे. म्हातारीकडे."

जावयाचा पाय पायरीवर टेकायचा राहिला.

"टाकीमागे?" त्याने विचारलं.

"मग काय गच्चीत? बहिणीच्या अंगणातली काडी ती. ओल्या फडक्यात गुंडाळून आणली होती मी. ती बहीण गेली, अंगणावर गाड्या उभ्या राहतात." त्या पुढची पायरी चढल्या आणि थांबल्या. "जावईबापू, हात का हो असा गार पडला तुमचा? जिना मी चढतेय."

तो हसला, म्हणजे निदान दात दाखवले. अजून चार पायऱ्या होत्या. आत्ता बोललं तर त्या इथेच बसतील आणि पुन्हा उठणार नाहीत, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. त्याने पाय टेकवला. त्या वर पोचल्या. उद्या घरी, असं बाईने जाहीर केलं.

बाहेर येताच त्याने बायकोला सांगितलं. पोतं कुठंय, त्याने विचारलं. सकाळी कचरागाडीत दिलं, ती म्हणाली. तोंड बांधलेलं होतं, उघडून कशाला बघू. मग हळूच म्हणाली, "वाळवी लागली म्हणू. आईला खाली वाकता येत नाही."

बागेचा कचरा जिथे जातो ते आवार गावाबाहेर होतं. तो पोचला तेव्हा फांद्यांचा चुरा करणारं यंत्र घरघरत होतं आणि ढीग फावड्याफावड्याने त्याच्या तोंडात जात होता. यंत्रावरच्या माणसाने त्याला हात हलवताना पाहून बटण दाबलं.

"कुणाची अंगठी पडली?"

"काटे शोधतोय," जावई म्हणाला.

"ते सोडून इथे दुसरं आहे काय?" माणूस म्हणाला. पण यंत्र बंदच ठेवून विडी पेटवली. विडी संपेपर्यंत काय ते उरका, असं त्याने सांगितलं.

पोती रिकामी करून बाजूला टाकलेली होती. जावई ढिगात घुसला. गुलाबाच्या फांद्या दिसल्या, पण त्यातल्या काही फौजदाराखालच्या, एक मावशीखालची. सात पानं सगळ्यांनाच. आदल्या दिवशी ज्या नियमाने एवढं उरकलं होतं, तो आज काही सांगत नव्हता. कळ्या बऱ्याच गळून गेल्या होत्या. त्याने एक फांदी बोटांत चुरडून नाकाशी नेली. नुसता हिरवा वास. दुसरी, तोच. तिसरीला लव होती, आणि बोटांना पुन्हा तो चिकटा आला, वास ओल्या लाकडासारखा, थोडा राळेसारखा. मग तो फांदी उचले, हुंगे, फेके किंवा काखेत धरे. यंत्रावरचा माणूस विडी विझवायची विसरून हे बघत होता. मुळं मात्र मिळाली नाहीत, ती चुऱ्यात गेली होती.

घरी त्याने फांद्या बादलीत उभ्या केल्या आणि वर ओलं पोतं टाकलं. सकाळपर्यंत अर्ध्या माना टाकून बसल्या होत्या. वाळवीचं ठरलंय ना, बायकोने निघताना पुन्हा विचारलं. त्याने बादलीवरचं पोतं पुन्हा ओलं केलं.

गाडी फाटकाशी थांबली. सासूबाईंनी वॉकर टेकला, बडबडीकडे बघून मान हलवली आणि घराकडे न वळता टाकीकडे निघाल्या. लेक पुढे होऊन म्हणाली, आधी जरा टेक. त्यांनी ऐकलंच नाही. जावई मागून चालत होता. त्यांना पडू द्यायचं नाही, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

टाकीमागे ताजी माती होती. सपाट, नीटनेटकी. कडासुद्धा त्याने सरळ केल्या होत्या.

"आई, वाळवी..." लेकीने सुरुवात केली.

"मी काढली," जावई म्हणाला. "सात पानं होती. मुळासकट."

सासूबाई मातीकडे बघत राहिल्या. वॉकरचा एक पाय वाजत होता. त्याने हात पुढे केला, त्यांनी तो धरला नाही.

"मोजली होती?" त्यांनी विचारलं.

"हो."

"सातच होती?"

"सातच."

"असणारच. ती कलम नव्हे. काडीपासून स्वतःच्या मुळावर वाढलेली आहे, पहिल्यापासून सात पानांची. सांगितलं सगळं. हे तेवढं राहिलं."

त्यांनी खुर्ची मागितली. त्याने खुर्चीबरोबर बादलीही आणली. त्यांनी एकेक फांदी नखाने खरवडून पाहिली. सालीखाली तपकिरी निघालं की बाजूला टाकत. मूठभरच उरल्या. त्यातल्या एकीवर दोन कळ्या शाबूत होत्या. एकीच्या टोकाशी लवेतून गुलाबी रेघ दिसत होती. उद्यापरवा उमलली असती.

सासूबाईंनी ती नाकाशी नेली. लेकीने नजर वळवली. मग त्यांनी अंगठ्याच्या नखाने एक कळी खुडली. दुसरीवर बोट ठेवलं.

"एक राहू द्या, आई," जावई म्हणाला. "तिच्यासाठीच तर चालायला लागलात तुम्ही."

"फूल राखलं तर काडी मूळ धरत नाही." त्यांनी तीही खुडली. "आणि धरलंच तर फुलायला दोन वर्षं लागतील. आता तोवर मला राहावं लागणार. छान सोय केलीत."

त्याने मातीत बोटाने भोकं पाडली. त्या सांगतील तिथे, त्या सांगतील तेवढ्या खोल त्याने काड्या रोवल्या. शेवटची रोवून झाल्यावर सासूबाईंनी दोन्ही कळ्या पदराच्या टोकात बांधल्या आणि उठण्यासाठी हात पुढे केला. या खेपेला त्यांनी त्याचा हात धरला.

"रोज सकाळी इथवर आणायचं मला," त्या म्हणाल्या. "आणि ती कात्री माझ्या उशाशी ठेवायची."